अडुसष्टाव्या वर्षी जपानी? जरूर शिका, पण आधी कान तपासा

"डॉक्टर, डोकं गंजलंय. मेमरीची एखादी गोळी लिहून द्या."

हे सांगणारे गुरुजी अडुसष्ट वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. (त्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा-सून जपानमध्ये, नातू तिथल्याच शाळेत. व्हिडिओ कॉलवर नातवाचं मराठी कमी आणि जपानी जास्त होऊ लागलं, तेव्हा गुरुजींनी पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. आता रेंज असली तर गुहागरात पडवीवर बसूनही शिकता येतं. तीन महिन्यांत अक्षरं आली, पण बाई म्हणतात एक आणि हे ऐकतात दुसरंच. वर्गातली कॉलेजची मुलं हसतात. घरात "या वयात कशाला हे?" सुरू झालं होतं. गुरुजींनी वर्ग सोडायचं ठरवलंच होतं.

मी विचारलं, नेमकं चुकतं काय?

"आकडे. इची म्हणजे एक, शिची म्हणजे सात. मला दोन्ही सारखेच वाटतात."

इथे माझं लक्ष डोक्यावरून कानाकडे गेलं. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ या व्यंजनांची ओळख पटते ती बरीचशी याच पट्टीमुळे. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून "ऐकू तर येतंय" असं वाटत राहतं. मराठीत गळलेलं अक्षर मेंदू संदर्भावरून भरून काढतो, त्याला जन्माची सवय आहे. नव्या भाषेत त्याच्याकडे तो साठाच नसतो. 'शिची'तला श गळला की उरतं 'इची'. त्यात मोबाइलचा चिरका स्पीकर. जपानी माणसंसुद्धा हा घोळ टाळायला साताला 'नाना' म्हणतात. कोकणात हा शब्द विसरायची सोय नाही!

गुरुजींच्या कानातला मळ काढला, मग चिपळूणला ऑडिओमेट्री करायला पाठवलं. दोन्ही कानांत वयोमानाचा मध्यम बहिरेपणा निघाला. स्मरणशक्तीची साधी चाचणी दवाखान्यातच घेतली, ती ते सहज पास झाले. गोळी दिली नाही. निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढवणारी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही.

आता माझं मत. "नवी भाषा शिका, डिमेन्शिया पळवा" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. त्यामागे थोडं तथ्य आहे. हैदराबादच्या निम्समध्ये डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास झाला, 2013 साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, न शिकलेल्यांमध्येही. पण ही माणसं आयुष्यभर दोन-तीन भाषा वापरत आलेली होती. अडुसष्टाव्या वर्षी हिरागाना गिरवून तोच फायदा मिळतो, असा त्याचा अर्थ होत नाही. याउलट ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मोठं कारण आहे, असं 'लॅन्सेट'च्या 2024 च्या अहवालात म्हटलं आहे. म्हणजे औषध म्हणून जपानी शिकायचं आणि कानाकडे दुर्लक्ष करायचं, हा उलटा व्यवहार झाला.

शिकायचं ते नातवाशी बोलायला. आणि मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येतं. "होन देसु का?" म्हणजे शब्दाला शब्द ठेवून "पुस्तक आहे का?" प्रश्नाचा 'का'सुद्धा तोच, अर्थात योगायोगाने. जपानी अक्षरांच्या तक्त्याचा अ-इ-उ, का-सा-ता हा क्रम मात्र योगायोग नाही. बौद्ध भिक्षू संस्कृतसाठी सिद्धम लिपी शिकत, त्यातून तो आला. हे ऐकून गुरुजी खूश झाले.

या वयात पाठांतर हळू होतं, ते स्वाभाविक आहे. दोन तास सलग बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं दोनदा बसा, कालचं वही मिटून आठवून बघा, आणि झोप मोडू नका. तरीही अडत असेल तर डोळ्यांतला मोतीबिंदू, थायरॉइड आणि बी-12 बघून घ्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनीही डोकं जड राहतं. मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. नवा शब्द आठवला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. रोजची वाट चुकणं, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, असं काही घरच्यांच्या लक्षात आलं तर मात्र लगेच दाखवा.

गुरुजींनी वर्ग सोडलेला नाही. बाईंना कानाचं सांगितलं, आता त्या आकडे पडद्यावर लिहूनही दाखवतात. हेडफोन घेतलाय, आवाज बेताचा ठेवायच्या अटीवर. श्रवणयंत्राला अजून तयार नाहीत. चष्मा चालतो, यंत्र लावलं की लोक म्हातारा म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याला बीपी तपासायला येतात, तेव्हा मी विषय काढतो आणि ते मला जपानीत काहीतरी ऐकवून निघून जातात.