लिंटचे नियम कंपनीभर एकच असावेत

जावास्क्रिप्टच्या दहा प्रोजेक्टांना ईएसलिंटची एकच कॉन्फिग लावणं म्हणजे प्रोग्रामरला बेड्या घालणं, असं मानणारा एक पक्ष आहे. त्याच्या रागाला इतिहास आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या २००२ सालच्या जेएसलिंटमध्ये कर्त्याची आवडनिवड हाच कायदा होता. त्याला कंटाळून २०११ मध्ये जेएसहिंट फुटून निघालं आणि २०१३ मध्ये निकोलस झाकस यांनी ईएसलिंट आणलं, ज्यात कुठलाही नियम बंद करता येतो. पण आजही तक्रारी ऐकाव्यात तर त्या अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, अर्धविराम हवा की नको, याच्याच. ते ठरवण्याचं काम आता प्रिटियर हा फॉरमॅटर करतो. २०२३ च्या अखेरीस खुद्द ईएसलिंटनेच मांडणीचे नियम निवृत्त केले. सामाईक कॉन्फिगमध्ये ते घालूच नयेत.

उरतात ते चुका पकडणारे नियम. 'रिटर्न' लिहून एंटर मारला आणि एकाच की-चा ऑब्जेक्ट पुढच्या ओळीवर लिहिला, तर जावास्क्रिप्ट रिटर्नपाशीच अर्धविराम धरते. फंक्शन गुपचूप 'अनडिफाइन्ड' देतं, एरर येत नाही. 'नो-अनरीचेबल' हा नियम ते तिथल्या तिथे दाखवतो. यात आवडीचा प्रश्न येतो कुठे? पेमेंटच्या कोडमध्ये ही चूक आणि रिपोर्टच्या कोडमध्ये शैली, असं काही नसतं. प्रोजेक्ट वेगळे असतात हे खरंच; एक नोडवर चालतो, दुसरा ब्राउझरमध्ये. त्याची सोय आहे. सामाईक पॅकेज इम्पोर्ट करायचं आणि त्याखाली आपले अपवाद लिहायचे. खालचा नियम वरच्यावर मात करतो. कॉपी-पेस्ट केलेल्या फाइलीत डेडलाइनपायी बंद केलेला नियम कुणाच्या लक्षात राहत नाही. इथे तो चार ओळींत उघडा दिसतो आणि रिव्ह्यूमध्ये त्याचं कारण विचारता येतं.

वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. जुलै २०२५ मध्ये ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटियरच्या देखभालकर्त्याला फिशिंग मेलने फसवून एनपीएमवर घातक आवृत्त्या चढवल्या गेल्या. (हे पॅकेज करतं काय, तर नियम बंद करतं!) पण प्रत्येक टीमने आपापली कॉन्फिग सांभाळली, तरी अशी पॅकेजं एनपीएमवरूनच येतात, फक्त दहा वाटांनी. सामाईक पॅकेजमध्ये प्लगिनांच्या नेमक्या आवृत्त्या बांधता येतात आणि नवी घेण्याआधीची तपासणी एकदाच करावी लागते. प्रत्येक प्रोजेक्टची लॉकफाइल मात्र हवीच. नव्या नियमाने सगळ्यांचे बिल्ड एकदम पडतील ही भीतीही रास्त आहे. म्हणून नियम आधी 'वॉर्न' म्हणून यावा आणि पुढच्या मेजर आवृत्तीतच 'एरर' व्हावा.