मनाचा खंबीर म्हणे!

परवा पुण्याहून मित्राचा फोन आला होता. गेल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. वय ४७. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "सिगारेट आजपासून बंद!" आणि पुढच्या खाटेकडे वळले. मित्राने बंद केली. अकराव्या दिवशी परत सुरू. आता बायकोला वाटतं सुटली, आईला वाटतं सुटली, आणि हा पठ्ठ्या रोज रात्री जेवण झालं की 'शतपावली'ला जातो. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "तुझं बरंय रे. तू मनाचा खंबीर. आपल्यात नाही तेवढा दम."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझी खोटी स्तुती होते त्याचं काही नाही हो, पण या वाक्यापायी माणसं मरतात.

आधी माझ्या खंबीरपणाचा इतिहास सांगतो. २००४ ते २०१० या काळात मी सिगारेट सहा वेळा सोडली. त्यातल्या तीन वेळा ३१ डिसेंबरला, आणि एकदा सुट्टीवर आलो असताना गणपतीसमोर, मावशीच्या आग्रहाखातर हातावर पाणी सोडून. सगळ्यात जास्त टिकली ती नऊ दिवस. आणि सगळ्यात महागात पडली ती गणपतीची. इतर वेळी नुसती सिगारेट ओढली होती, या वेळी शपथही मोडली. शपथ मोडलेला माणूस काय करतो? लपवतो. पुढची दोन वर्षं मी इथे इंग्लंडात घरामागच्या बागेत थंडीत कुडकुडत उभा राहून, बडीशेप चघळत, स्वतःच्या बायकोपासून चोरून ओढत होतो. त्या दोन वर्षांत सोडायचा एकदाही प्रयत्न केला नाही. कसा करणार? अधिकृतरीत्या मी सोडलेलीच होती ना!

आपल्याकडच्या निर्धाराच्या भाषेवर माझा राग आहे तो यासाठी. ती माणसाला सिगारेट सोडायला लावत नाही, खोटं बोलायला लावते.

इथे काय वेगळं झालं? फार काही नाही. २०११ च्या मार्चमध्ये मी गल्लीतल्या औषधांच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "ओढता का? सोडायचा विचार आहे?" सरकारी आरोग्यसेवेतर्फे सिगारेट सोडवायला मदत करणारी माणसं इथे १९९९-२००० पासून नेमलेली आहेत, त्यातल्याच त्या एक. मला वाटलं आता प्रवचन. पण बाईंनी एक नळी फुंकायला दिली. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र. आकडा आला १९. दहाच्या खाली म्हणजे न ओढणारा. मग म्हणाल्या, "आज सोडू नका."

सहा वेळा सोडलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच 'आज सोडू नका' म्हणत होतं!

त्यांनी एक कोरा तक्ता दिला. आठवडाभर नेहमीसारखी ओढायची, फक्त प्रत्येक सिगारेट पेटवायच्या आधी लिहायचं: किती वाजले, कोण सोबत आहे, काय करत होतो. मी इंजिनीअर माणूस, तक्ता म्हटला की खूश. आणि त्या तक्त्याने माझे डोळे उघडले. मला वाटायचं मी कामाच्या ताणामुळे ओढतो. ताणाच्या निघाल्या जेमतेम दोन-तीन. बाकीच्या ऑफिसातल्या दहाच्या चहाच्या, जेवणानंतरच्या आणि... आईच्या फोनच्या. दर रविवारी बागेत फेऱ्या मारत आईशी बोलायचो, आणि एका फोनला तीन सिगारेटी. आई तिकडे विचारतेय, "जेवलास का?", इकडे मी हूं हूं करत झुरके मारतोय. हे मला सात वर्षांत दिसलं नव्हतं.

मग तारीख ठरली, दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी. (सोमवार नको, कामाचा डोंगर असतो. शनिवार नको, मित्र असतात.) त्याआधी घरातली लायटरं, अ‍ॅश-ट्रे, कोटाच्या खिशातली 'अडीअडचणीची' एक, सगळं गेलं. आईचा फोन बागेतून स्वयंपाकघरात आला, आणि बोलताना हाताला मटार सोलायचं काम. हसू नका. नळाला गळती असेल तर आपण नळाला शपथ घालतो का?

आता निकोटिनबद्दल, कारण मुख्य घोळ तिथे आहे. झुरका मारल्यावर ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. दोन तासांत रक्तातलं साधारण निम्मं उतरतं, म्हणून दर तासा-दोन तासाला हात खिशाकडे जातो. बंद केल्यावर चिडचिड, झोपमोड, कशात लक्ष न लागणं, बद्धकोष्ठ हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतं. पण एकेक तलफ असते काही मिनिटांची! सुटी सुटी मिनिटं काढायची आहेत, हे मला आधीच्या सहा वेळी कोणी सांगितलंच नव्हतं. मी आपला जन्मभराशी लढत होतो.

त्या मिनिटांसाठी हत्यारं होती. दंडावर पॅच, तो दिवसभर हळूहळू निकोटिन देतो, आणि वर एकदम उसळलेल्या तलफेसाठी निकोटिनचं च्युइंगम. हे दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात हे पुष्कळ चाचण्यांतून दिसलेलं आहे. च्युइंगम मात्र नेहमीसारखं चावत सुटायचं नाही. झणझणीत चव आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत दोनदा चावायचं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. बहुतेक लोक चावून गिळतात, उचकी लागते, मग म्हणतात 'हे आपल्याला चालत नाही'.

चहावरून आठवलं. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफीन भराभर निकालात काढतं. सिगारेट बंद केली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुपटीवर जातं. म्हणजे दिवसाला सहा चहा पिणारा माणूस सिगारेट सोडतो, हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते, आणि त्याला वाटतं ही तलफच! मी चहा निम्म्यावर आणला. तरी दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून भांडलोच, तो भाग वेगळा.

'पण आमच्या काकांनी तर एका दिवसात सोडली, पाकीट खिडकीतून भिरकावलं ते भिरकावलं!' असे काका प्रत्येक घरात असतात, आणि त्यांना माझा नमस्कार. सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी कसल्याही मदतीशिवायच सोडलेली असते हेही खरं, कारण प्रयत्नच बहुतेक जण तसा करतात. पण नुसत्या निर्धारावर सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकणारे असतात तीन ते पाच. उरलेले पंचाण्णव दुसऱ्या दिवशी खिडकीखाली जाऊन पाकीट शोधतात, आणि त्यांची गोष्ट लग्नात कोणी सांगत नाही. पॅच-च्युइंगमनेही चमत्कार होत नाही, यशाची शक्यता साधारण दीडपट होते. पण दीडपट म्हणजे दीडपट.

'एक व्यसन सोडून दुसरं?' हा दुसरा ठरलेला प्रश्न. बाबांनो, निकोटिन तुम्हाला बांधून ठेवतं, पण कर्करोग आणि हृदयविकार होतात ते मुख्यतः धुरातल्या विषांनी. पॅचला धूर नाही. दोन-तीन महिन्यांत तो उतरवताही येतो.

आणि 'तुमचं तिकडचं वेगळं' असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, साहेब काही संत नाही. जगभर सिगारेटी विकणाऱ्या ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोचं मुख्यालय लंडनलाच आहे आणि आपल्या आयटीसीत तिचा मोठा हिस्सा आहे. इथल्या मदतकेंद्रांच्या पैशालाही पुढे कात्री लागली. शिवाय आपल्याकडे काही नाही असंही नाही! निकोटिनचं च्युइंगम पुण्यात मेडिकलमध्ये मिळतं, २०२२ पासून ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तंबाखू सोडायला मदत करणारी फुकट फोनसेवा २०१६ पासून आहे, नंबर १८००-११-२३५६, आणि २०१८ पासून तो पाकिटावरच छापतात. आपल्या राज्यात सिगारेटपेक्षा तंबाखू-चुना आणि मशेरीवाले कितीतरी जास्त, त्यांनाही हीच सेवा आहे. माझ्या मित्राने त्या नंबराचं पाकीट वर्षभर खिशात बाळगलं. एवढ्यात त्याला एकाही डॉक्टरने, एकाही नातेवाइकाने, आणि हो, मीसुद्धा, 'हा फोन लाव' म्हटलं नाही. आम्ही सगळे त्याला 'मनावर घे' म्हणत होतो.

परवा मी त्याला म्हटलं, आज सोडू नकोस. आधी बायकोला खरं सांग. ती तुला वाटतंय तितकी फसलेली नाही, माझीही नव्हती. हृदयाचं दुखणं आहे तेव्हा डॉक्टरांकडे परत जा, आणि 'बंद करू का' असं न विचारता 'पॅच किती ताकदीचा लावू, च्युइंगम चालेल का' असं विचार. आणि वही घे, आठवडाभर लिही.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लिहू काय त्यात?"

काल त्याने पहिल्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवला. चौदा ओळी आहेत. शेवटची रात्री पावणेअकराची, आणि 'कोण सोबत' या रकान्यात त्याने लिहिलंय, "बायको. म्हणाली, जिन्यात ओढ, बाहेर पाऊस आहे."