खुंटलेली उंची, चुकलेला अग्रक्रम

राज्याच्या संपन्नतेचे मोजमाप दरडोई उत्पन्नाने करण्याची प्रथा आहे. त्याहून बोलका मापदंड म्हणजे पाच वर्षांखालील बालकाची उंची. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या बालकांचे प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ पर्यंत ते ३४.४ टक्क्यांवर आले. ही घट सामान्य नव्हती. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत हाच आकडा ३५.२ टक्के भरला. याच काळात देशाची सरासरी मात्र ३८.४ वरून ३५.५ टक्क्यांवर उतरली. प्रगत म्हणविणारे राज्य अशा रीतीने देशाच्या सरासरीला येऊन टेकले.

याचे कारण केवळ पैशाची चणचण हे नव्हे. पैसा अपुरा आहे हे खरेच. पूरक आहारासाठी बालकामागे रोजचा ८ रुपयांचा दर केंद्राने २०१७ मध्ये ठरविला आणि पुढील पाच वर्षे महागाई वाढत असतानाही तो तसाच राहिला. तथापि मूळ दोष अग्रक्रमाचा आहे. उंची खुंटते ती प्रामुख्याने गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत गरम, ताजा आहार मिळतो तो अंगणवाडीत येणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या बालकांना. त्याहून लहानांसाठी घरी नेण्याचा शिधा असतो. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या कुटुंबात तो एकट्या बालकाच्या वाट्याला राहील, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला सोडून आहे. आई पहाटे ऊसतोडीच्या फडावर गेली, तर त्या बालकाला दिवसातून चार-पाच वेळा भरवणार कोण, हा प्रश्न शिध्याने सुटत नाही.

शारीरिक क्षमतेचेही तसेच आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले. एका खोलीत, अंगणाविना भरणाऱ्या अंगणवाडीत ते साधणे कठीण. शिवाय पहिल्या दोन वर्षांत जे हरवले, ते नंतरच्या खेळाने पूर्णतः भरून येत नाही. खुंटलेले बालक मोठेपणी कष्टाच्या कामात मागे पडते आणि त्याची मजुरीही बेताचीच राहते. ही हानी कोणत्याही अर्थसंकल्पात खर्च म्हणून दाखवली जात नाही, इतकेच.

दिशा अज्ञात नाही. २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने पुढे जन्मापूर्वीपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला होता. आज गरज आहे ती कामाच्या जागी पाळणाघरांची, घरोघरी जाऊन आईशी बोलू शकणाऱ्या दुसऱ्या सेविकेची आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या बालकाचा आहार त्याच्यामागोमाग फडापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची. बालकाची वाढ अर्थसंकल्पाच्या सोयीची वाट पाहत थांबत नाही. त्याचा दुसरा वाढदिवस एकदा उलटला, की शासनाच्या हाती उरते ती केवळ नोंदवही.