रिकव्हरी डिस्कने काय परत येतं?

२०११ साली मी पहिला लॅपटॉप घेतला. विंडोज ७ होतं. सोबत डिस्क काही मिळाली नाही. चालू केल्यावर पडद्यावर सूचना आली की रिकव्हरी डिस्क स्वतः तयार करून ठेवा. मी कोऱ्या डीव्हीडी आणल्या, दुपारभर बसून त्या तयार केल्या, मार्करने क्रमांक टाकले आणि कपाटात ठेवल्या. आपला बंदोबस्त झाला, असं वाटलं.

चार वर्षांनी एका सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. मी पहिली डीव्हीडी घातली आणि इंग्रजीतली ताकीद न वाचता 'येस' दाबत गेलो. थोड्या वेळाने लॅपटॉप दुकानातून आणल्यासारखा कोरा करकरीत झाला. त्यात अब्बांचे शब्द गेले.

तलवाड्यात आणि आसपासच्या गावांत आपली माणसं जी दखनी बोलतात, तिच्यातले शब्द अब्बा वहीत लिहून ठेवायचे. 'नक्को', 'हौ', 'कैकू' सगळ्यांनाच माहीत आहेत; अब्बांकडे शेतातले, चुलीजवळचे, लग्नघरातले शब्द होते. ते मी इनपेजमध्ये उर्दूत टाइप केले. पुढे वहीला वाळवी लागली, तरी मला फिकर नव्हती. कॉम्प्युटरमध्ये आहे ना! तोवर अब्बांचा इंतेकाल झालेला होता. पुन्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दोष डिस्कचा नव्हता. तिने तिचं काम चोख केलं. रिकव्हरी डिस्क यंत्राला पहिल्या दिवशीच्या स्थितीत नेते, आणि पहिल्या दिवशी त्यात माझं काहीच नव्हतं. बॅकअप म्हणजे माझ्या कामाची दुसरी प्रत. या दोन गोष्टी मी एकच समजलो. आजही स्टाफरूममध्ये बहुतेकांचा हाच समज दिसतो, म्हणून हे लिहितोय.

लॅपटॉप बिघडला की क्रम असा हवा: आधी फाइली बाहेर काढा, मग यंत्र दुरुस्त करा. विंडोज सुरू होत नसलं तरी हार्ड डिस्क शाबूत असू शकते. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते किंवा पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने लॅपटॉप उघडून फाइली उचलता येतात. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, उरलेलंही जाईल. दुरुस्तीला देताना 'आत माझं काम आहे, फॉरमॅट करू नका' हे आधी स्पष्ट सांगा.

आता डीव्हीडीचा जमाना गेला. विंडोज १० आणि ११ मध्ये पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवता येतो. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, कारण त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. तो लॅपटॉप धडधाकट असतानाच बनवा. 'रिसेट'मध्ये फाइली ठेवण्याचा पर्याय असतो, पण त्यातही आपण टाकलेली सॉफ्टवेअर जातात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर आपलंच कुलूप आपल्याला उघडत नाही.

'कशाला एवढं, सगळं गुगलवर आहे,' असं तरुण सहकारी म्हणतात. गुगलवर जरूर ठेवा. १५ जीबीपर्यंत जागा फुकट आहे. पण लॅपटॉप आणि गुगलची फाइल एकमेकींना जोडलेली असेल, तर इथे पुसली की तिथेही पुसली जाते. कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग संपली. म्हणून एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर.

आम्हा उर्दू-मराठीवाल्यांची आणखी एक अडचण आहे. इनपेजची फाइल इनपेजशिवाय उघडत नाही, आणि जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर नुसती खिचडी दिसतो. फाइल वाचली पण वाचता येईना, तर काय उपयोग? म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराची युनिकोड आणि पीडीएफ प्रतही ठेवावी.

याचं मोठं उदाहरण मराठवाड्याने पाहिलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून शोध हैदराबादपर्यंत गेला. कागद उर्दूत आणि मोडीत. ते वाचणाऱ्यांचीही शोधाशोध झाली. पिढ्यांपूर्वीच्या एका ओळीवर आज कुणाच्या तरी मुलाचा दाखला अवलंबून आहे. ती ओळ टिकायला हवी, आणि ती वाचणाराही टिकायला हवा.

आपल्या दीनच्या इतिहासातही हाच धडा आहे. यमामाच्या लढाईत कितीतरी हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली. कुरआन सीन्यांत सुरक्षित होतं, तरी हजरत अबू बक्र (रजि.) यांनी जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून ते एकत्र लिहवून घेतलं. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. अल्लाहच्या हिफाजतीवर त्यांच्याइतका भरोसा कुणाचा असेल? तरीही त्यांनी प्रती केल्या. मग 'काही होत नाही' म्हणणारे आपण कोण?

मी आता दर जुम्म्याला, नमाजनंतर घरी आलो की हार्ड डिस्क लावतो. दहा मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडूनही बघतो.

अब्बांचे शब्द फुफूला आणि मला आठवले तेवढे पुन्हा लिहून काढलेत. अजून वही निम्मीही भरलेली नाही. पण तिची एक झेरॉक्स बीडला बहिणीच्या कपाटात आहे.