चिंबोरी, चंद्र आणि पाऊण तास



आमच्या लालबागच्या चाळीत रविवारी सकाळी एक कोळीण मावशी मासळीची पाटी घेऊन येत असे. पाटीत कधी बोंबील, कधी मांदेली, आणि कधी सुतळीने नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. शेजारच्या काकू तळकोकणातल्या. कुर्ल्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण पौर्णिमेच्या आसपास त्या पाटीतल्या चिंबोऱ्यांना हातही लावत नसत. "आज नको गं मावशी, कालच पुनव झाली. नुसत्या पाण्याच्या असतील. अवसेला घेऊन ये." मावशीही वाद घालीत नसे. "बरं बाय, अवसेला आणते," म्हणून पाटी उचलीत असे.

मी तेव्हा नववीत होतो आणि विज्ञानात वर्गात पहिला होतो. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे हे मला पाठ होते. एवढ्या लांबचा चंद्र खेकड्याच्या पोटातले मांस कमी-जास्त करतो, ही मला शुद्ध अंधश्रद्धा वाटली आणि तसे मी काकूंना ऐकवले. काकू म्हणाल्या, "तू पुनवेची खा, मी अवसेची खाते. मग बोलू." मी हसलो. खाऊन पाहण्याची, म्हणजेच प्रयोग करण्याची सूचना काकूंनी केली होती आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याने धुडकावली होती, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

ती वेळ आली वरळी कोळीवाड्यात. एका वयस्क कोळीबाबांना मी विचारले, "बाबा, आज भरती कधी?" त्यांनी उलट विचारले, "आज तिथी कुठली?" मी दशमी म्हणताच ते लगेच उत्तरले, "मग साडेसात." माझ्या खिशात छापील कोष्टक होते. फरक निघाला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा! बाबांजवळ ना घड्याळ होते, ना कागद. त्यांनी तिथीची पाऊणपट केली होती: दहाची पाऊणपट साडेसात.

हा नियम आपल्या किनाऱ्यावर सर्वत्र ठाऊक आहे. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळी आणि रात्रीही. तिच्यापासून सुमारे सहा तास पुढे किंवा मागे पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट करा. सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. एका तिथीत भरती एकदम दीड तास कशी पुढे गेली? इतर तिथींना तर ती पाऊणच तास सरकते! गोम अशी आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत घड्याळाचे पूर्ण २४ तास फिरून येते. २४ तासांना तीसने भागा. एका तिथीला ४८ मिनिटे येतात, पंचेचाळीस नव्हेत. म्हणजे खरा गुणक पाऊण नसून चार-पंचमांश. कोळीबाबांच्या नियमात तिथीमागे तीन मिनिटांची तूट पडते आणि पंधराव्या तिथीपर्यंत ती पाऊण तासाची होते. चार-पंचमांशाने पौर्णिमेची भरती बरोबर बाराला येते, आणि मुंबईत ती बाराच्या आसपासच असते. पण नावेत बसून चार-पंचमांश करण्यापेक्षा पाऊणपट करणे सोपे. नियम वापरणाऱ्याला वीस मिनिटांचा फरक चालत होता, म्हणून त्याने सोपा गुणक घेतला. मला तरी यात अडाणीपणा दिसत नाही; अभियंतेही हेच करतात.

हा गुणाकार मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचा आहे, हेही लक्षात ठेवा. चेन्नईला जाऊन तो लावाल तर फसाल. मुंबईतसुद्धा भरती रोज सारखी ४८ मिनिटे सरकत नाही. उधाणाच्या दिवसांत कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टके पाहावीत. त्या कोष्टकांमागेही मोठी तपश्चर्या आहे. अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, आणि भारतातील बंदरांचे भाकीत करण्यासाठी १८७९ मध्ये इंग्लंडात दंतचक्रांचे एक खास यंत्र बनवले गेले होते.

चंद्राचे नाव काढले की नाक मुरडणारा मी पहिलाच नव्हतो. खुद्द गॅलिलिओने तेच केले होते! चंद्राचा पाण्यावर अंमल चालतो असे मानणाऱ्या केप्लरबद्दल त्याने १६३२ च्या आपल्या ग्रंथात आश्चर्य व्यक्त केले. त्याला ती पोरकट समजूत वाटली. भरती पृथ्वीच्या गतीमुळे येते, असे त्याचे मत होते. ते चुकीचे ठरले. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या आधारे भरतीचे कारण सांगितले आणि दर्यावर्दींचा चंद्र विज्ञानात आला. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे जोर एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. अष्टमीला ते आडवे पडतात, तेव्हा भांग. सर्वांत मोठे उधाण मात्र त्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवस मागाहून येते.

मग चिंबोऱ्या धरायला कधी जावे? याचे उत्तर तुम्ही त्या कशा धरणार यावर अवलंबून आहे. खडकांच्या कपारीत हाताने किंवा लोखंडी आकड्याने धरायच्या तर पाणी जितके खाली जाईल तितके बरे. म्हणजे उधाणाची ओहोटी हवी. पण उधाणाला मुंबईत भरती बाराला, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. आपल्या किनाऱ्याची ही गंमतच आहे: समुद्र सर्वांत जास्त उघडा पडतो तो उजेड-अंधाराच्या सीमेवर. यावर उपाय प्रतिपदा-द्वितीयेचा. ओहोटी सकाळी सात-साडेसातपर्यंत सरकलेली असते, उजेड भरपूर असतो आणि उधाणही ओसरलेले नसते.

खाडीत गोल कडीला जाळे बांधून, मधोमध माशाचे डोके अडकवून ते पाण्यात सोडायचे असेल तर हिशेब वेगळा. मोठी चिंबोरी, म्हणजे सिल्ला वंशातला चिखलातला खेकडा, निशाचर आहे. दिवसा बिळात दडतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो आणि चढत्या पाण्याबरोबर कांदळवनात चरायला शिरतो. तेव्हा अंधार आणि चढती भरती यांची गाठ पडायला हवी. द्वादशीला भरती साडेनऊच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे दिवेलागणीपासून दोन-अडीच तास पाणी चढते मिळते. भर उधाणात मात्र पाण्याची ओढ इतकी असते की जाळे जागेवर राहत नाही. माझे मत विचाराल तर खाडीला द्वादशी आणि खडकांना द्वितीया. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तो खरा माना.

वेळ निवडण्यात एक धोका आहे, आणि त्याबद्दल मला जरा कडक बोलायचे आहे. ओहोटी संपून पाणी वळले की ते सारख्या वेगाने चढत नाही. साधारण हिशेब असा: सहा तासांत जेवढे पाणी चढायचे त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला एकूण चढ चार मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी ३३ सेंटिमीटर चढते. माणूस म्हणतो, "अजून वेळ आहे." दुसऱ्या तासात ६७ सेंटिमीटर चढते. तिसऱ्या तासात एक मीटर! खडकावर वाकून कपारीत पाहणाऱ्याच्या मागची वाट बुजते ती याच वेळी. हाजी अलीचा रस्ता पाण्याखाली जाताना कधी पाहिला असेल तर मी काय म्हणतो ते तुम्हांला कळेल. म्हणून पाणी वळायच्या आधी अर्धा तास खडक सोडायचा, एकट्याने जायचे नाही, आणि पावसाळ्यात मुळीच जायचे नाही. मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या चौपायांवर तर कोणत्याच ऋतूत उतरू नये.

परळ-लालबागच्या ज्या मुलांना चिंबोरीशी काही देणे-घेणे नाही, त्यांनाही ही पाऊणपट उपयोगाची आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटारांची समुद्राकडील तोंडे पाण्याखाली जातात आणि हिंदमाताचे पाणी उतरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारी भरतीही मोठी होती. पावसाळ्यात घरून निघताना तिथी विचारणारी आजी भाबडी नसते.

आता काकूंच्या अवसेकडे परत येऊ.

अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ, हा समज मुंबईपासून तळकोकणापर्यंत पसरलेला आहे. पोकळ चिंबोरी असते, यात शंकाच नाही. खेकड्याचे कवच वाढत नाही. त्यामुळे वाढायचे असेल तेव्हा तो जुने कवच टाकतो, अंगात पाणी भरून फुगतो आणि नवे, मोठे कवच त्या फुगलेल्या मापावर कठीण होऊ देतो. घर मोठे झाले, पण सामान जुनेच! पुढे खाऊन खाऊन मांसाने ते कवच भरावे लागते. मधल्या काळात धरलेली चिंबोरी शिजवली की पाणीच निघते. काकू म्हणत त्या "पाण्याच्या" चिंबोऱ्या याच.

पण कवच टाकण्याचा दिवस तिथीवर ठरतो का? आपल्या बाजारातील चिंबोऱ्या पुनवेच्या सुमारास घाऊकपणे कवच टाकतात, असे मी तरी सिद्ध झालेले पाहिलेले नाही. तसे नसतेच, असे म्हणण्याइतकाही पुरावा माझ्याजवळ नाही. भरतीचा नियम रोज दोनदा तपासला जात होता. चुकला तर नाव चिखलात रुतत होती. चिंबोरीचा नियम तसा तपासला जात नाही. पुनवेला ती कुणी घेतच नाही, मग भरलेली निघणार कशी? आणि अवसेची पोकळ निघाली तर "मावशीने शिळी दिली" म्हणून तो नियम सुटतो. दोन्ही नियम एकाच चंद्राचे, एकाच कोळीवाड्यातले; पण एकाला माझी मान लवते, दुसऱ्यापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवतो. "सगळे जुने खरे" आणि "सगळे जुने खोटे" ही दोन्ही वाक्ये आळशी माणसाची आहेत असे मला वाटते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की हा प्रश्न वर्गाने हाती घ्यावा. दादर किंवा लालबागच्या बाजारात जावे, मासळीवाल्या मावशीची परवानगी घ्यावी. चिंबोरीच्या पाठीची रुंदी पट्टीने मोजावी, वजन करावे. अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा आणि पुन्हा अष्टमी, असे निदान सहा महिने. नुसत्या वजनांची तुलना करू नका. रुंदी १० सेंटिमीटरवरून १२ झाली की आकारमान घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेदोनपट होते. म्हणून वजनाला रुंदीच्या घनाने भागा. नर-मादी वेगळे ठेवा: पोटाखालचे झाकण अरुंद त्रिकोणी असेल तो नर, रुंद गोलसर असेल ती मादी. नराच्या नांग्या, मालवणी घरांतले डेंगे, मोठ्या आणि जड असतात. ते मिसळले तर सारा हिशेब बिघडेल. आणि मावशीला हेही विचारा की माल कुठला आणि कधी धरलेला. ओल्या गोणपाटात चिंबोरी काही दिवस जिवंत राहते. ती पुनवेला विकली म्हणजे पुनवेला धरली असे नव्हे.

मोजताना एखाद्या मादीच्या पोटाखाली अंड्यांचा गच्च पुंजका दिसेल, आधी नारिंगी, पुढे काळपट. एका पुंजक्यात लाखो अंडी असतात. ही मादी अंडी सोडण्यासाठी खाडीतून समुद्राकडे जायला निघालेली असते. पुष्कळ घरांत ती मुद्दाम मागून घेतात. तुम्ही स्वतः धरली असेल तर ती परत सोडा. तसेच तळहाताएवढीही नसलेली पिलावळ. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीच. खडकावर आकडा घेऊन गेलेल्याला कुणी अडवीत नाही, एवढाच फरक. माहीमच्या खाडीतली, मिठी नदीच्या मुखाजवळची चिंबोरी मात्र सोडा म्हणण्याचे कारण वेगळे आहे. तिथे शहराचे सांडपाणी येते. मी ती खाणार नाही.

वहीत रकाने असे आखा: तारीख, तिथी, माल कुठला, धरल्याचा दिवस, नर की मादी, रुंदी, वजन, आणि पोटाकडचे कवच अंगठ्याने दाबल्यावर दबते की नाही. शेवटचा एक रकाना काकूंसाठी ठेवा. चिंबोरी शिजवून त्यांना द्या, तिथी मात्र सांगू नका, आणि त्या "भरलेली" म्हणतात की "पाण्याची" ते लिहून घ्या. आमच्या काकू आता नाहीत, नाहीतर पहिली नोंद त्यांचीच घेतली असती.