परसबाग : शोभेची की शिकण्याची?

नांदेडहून येणारा रस्ता जेथे हिंगोलीकडे आणि नागपूरकडे फुटतो, त्या वारंगा फाट्याची खिचडी प्रवाशांच्या चांगल्या परिचयाची आहे. शालेय पोषण आहाराच्या रूपाने खिचडी या परिसरातील मुलांच्याही ताटात पडते. तिच्यातील तूर आणि हळद ही याच मुलखातील पिके. परंतु ज्वारीच्या पिकात तुरीचे तास आजोबा का घालीत, हे मुलाला ठाऊक नसते आणि शाळाही त्याला ते कधी विचारीत नाही. समोरचे शिवार आणि हातातील पुस्तक यांची भेटच होऊ नये, हे आपल्या ग्रामीण शिक्षणाचे जुने दुखणे होय.

ही भेट घडवून आणण्याचे एक साधन म्हणजे पर्माकल्चर. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली पुस्तकरूपाने मांडलेला हा विचार तसा साधा आहे. झाड, वेल, भाजी, जनावर आणि पाणी यांची मांडणी अशी करावी की, एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न व्हावा. नाव परके असले तरी विचार परका नाही. आपल्याकडे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे शेतकऱ्याच्या हाती निरीक्षण आणि मोजमाप ही हत्यारे दिली. तीच हत्यारे आठ वर्षांच्या मुलाच्या हाती का देऊ नयेत?

हा प्रश्नही नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची रूपरेषा ठरली. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. पण वर्गात उतरता उतरता त्यातील अनुभव गळाला आणि गुणपत्रिकेतील एक रकाना तेवढा उरला. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांतील पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अनेक शिक्षकांनी अशा परसबागा मनापासून फुलविल्या आहेत. तथापि बाग तपासणीपुरती आणि छायाचित्रापुरती उरली, तर तिची गतही कार्यानुभवासारखीच होईल.

म्हणून बागेचा कस तिच्या हिरवेपणावर न लावता मुले तिथे काय विचारतात यावर लावावा. शेजारी-शेजारी दोन वाफे करावेत. एक उघडा ठेवावा, दुसरा पालापाचोळ्याने झाकावा. दोन्हींना मोजून सारखेच पाणी द्यावे आणि चार दिवसांनी मातीत बोट घालून ओल पाहावी. पावसाळ्यात पेरलेल्या तुरीचे एक रोप दीड महिन्याने अलगद उपटून मुळांवरच्या गाठी पाहाव्यात. गाठ कापल्यावर आत तांबूस रंग दिसला, की हवेतील नत्र पकडण्याचे काम तेथे चालू आहे, हे मुलांना सांगावे. आजोबांच्या तुरीच्या तासांचे उत्तर तेथेच सापडते. हापशाचे सांडपाणी अळू-केळीकडे वळवावे आणि निघालेली भाजी वजन करून खिचडीत घालावी. पाण्याच्या बादल्या आणि भाजीचे वजन मुलांनीच वहीत मांडले, म्हणजे गणित, विज्ञान आणि जमाखर्च एकाच वाफ्यात शिकून होतात. एखादा वाफा वाळून गेला, तर तोही एक धडाच समजावा.

‘मातीतच राबायचे, तर पोराला शाळेत कशाला घालू?’ हा पालकांचा प्रश्न मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा या अपेक्षेवर नई तालीमच्या काळीही टीका झाली होती आणि ती रास्त होती. शाळेची बाग हे उत्पन्नाचे साधन नव्हे. त्याचबरोबर झाडू आणि बादली नेहमी मुलींच्याच किंवा ठरावीक घरांतील मुलांच्याच हाती जाणार असेल, तर ती बाग नसलेली बरी. कामाच्या पाळ्या सर्वांना सारख्या हव्यात. त्यांत गुरुजींचेही नाव हवे.

शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार आणि उन्हाळी सुटीत वाळणारी रोपे या अडचणी खऱ्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे बाग लहान ठेवणे, लागवड पावसाबरोबर करणे आणि शेवगा, कढीपत्ता यांसारखी तग धरणारी झाडे लावणे. वेळापत्रकात मात्र तिला आठवड्याचे दोन तास हक्काने मिळाले पाहिजेत. उरलेल्या वेळात उरकण्याचा तो विषय नव्हे.

अर्थशास्त्रात भांडवलाची गणना यंत्रे, इमारती आणि ठेवी यांत होते. मराठवाड्याचे खरे भांडवल तिची काळी माती आहे आणि तिचा ताळेबंद कोणतीही बँक मांडत नाही. तो मांडता येणारी पिढी घडवायची, तर ते काम प्राथमिक शाळेतच सुरू व्हावयास हवे. शेती करावयाची की सोडावयाची, हे ती मुले पुढे ठरवतील. पण तो निर्णय अज्ञानातून किंवा तिटकाऱ्यातून होऊ नये, एवढे पाहणे शाळेचे कर्तव्य आहे.