वीस तासांचा नियम चिखलीत मोडतो

अमेरिकेत शिकायला गेलेला मुलगा पेट्रोल पंपावर नाहीतर हॉटेलात चोरून काम करताना सापडला आणि त्याला परत यावं लागलं, अशी बातमी आली की आपल्याकडे दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, पोराला अक्कल नव्हती. दोन, अमेरिका आता पहिल्यासारखी राहिली नाही. मला यातलं काहीच पुरेसं वाटत नाही. माझं म्हणणं असं की तो नियम अमेरिकेत मोडलेलाच नसतो. तो वर्षभर आधी चिखलीत, मेहकरात, नाहीतर मलकापुरात, घरच्या बैठकीत मोडलेला असतो. मोडताना आई, बाबा, मामा आणि कन्सल्टन्सीवाला असे सगळे हजर असतात. चहाही झालेला असतो.

ज्या वाक्यानं तो मोडतो ते वाक्य मी घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडे ऐकलंय. "एकदा तिकडं गेलं की पोरगं पार्ट टाइम करन अन् फेडन."

ओळखीपाळखीतले लोक मला अधूनमधून कागद वाचायला बोलावतात. माझं इंग्रजी बरं आहे, एवढीच माझी पात्रता. बहुतेक घरांत मला व्हिसाबद्दल विचारतात. मुलाखतीत काय बोलायचं, कपडे कोणते घालायचे, बीकेसीला आदल्या दिवशी पोचावं का. टेबलावर आय-ट्वेंटी नावाचा कागद पडलेला असतो. तो कुणी वाचलेला नसतो. आणि सगळी गोष्ट त्या कागदात असते.

आय-ट्वेंटी विद्यापीठ देतं. त्यावर एका वर्षाचा खर्च आकड्यात लिहिलेला असतो: फी, राहणं, खाणं, विमा. त्याच्या शेजारी तो पैसा कुठून येणार हेही लिहिलेलं असतं. विद्यापीठानं हा कागद दिला तो तुम्ही पैशाची सोय दाखवली म्हणून. खाली विद्यार्थ्याची सही असते. मी अटी वाचल्या, मला मान्य आहेत, मी फक्त शिकायला येतोय, असा त्या सहीचा अर्थ. म्हणजे ज्या घरात "पोरगं कमवून फेडन" असं ठरलंय, त्या घरातला मुलगा सही करतो तेव्हाच खोटं बोलत असतो. त्याला ते ठाऊक नसतं, कारण अटी त्यानं वाचलेल्या नसतात आणि वाचायला कुणी सांगितलेलंही नसतं.

आता गणित करू.

समजा वर्षाचा खर्च ४०,००० डॉलर आहे. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर ३५ लाख २० हजार रुपये झाले. आपल्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. त्या भावानं हे साधारण ६६० क्विंटल सोयाबीन होतं. एकरी सात क्विंटल धरलं तर ९४ एकराचं पीक. तेही खत, बियाणं, फवारणी, मजुरी काहीच न वजा करता, आणि खामगावच्या बाजार समितीत हमीभाव मिळाला असं मानून. हे एका वर्षाचं. एमएस दोन वर्षांचं असतं.

दुसरी बाजू पाहा. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, तेही कॅम्पसवर. लायब्ररी, कॅन्टीन, लॅब. पहिल्या शैक्षणिक वर्षात बाहेर नोकरी नाही. तासाला १२ डॉलर धरले, तर आठवड्याला २४० डॉलर. दोन सेमिस्टर मिळून ३० आठवडे धरले, तर ७,२०० डॉलर. सुट्टीत जास्त तास करता येतात, पण काम मिळालं तर. कॅम्पसवरची कामं मोजकी असतात आणि मागणारे पुष्कळ.

४०,००० समोर ७,२००. खोलीचं भाडं आणि किराणा यातच ते संपतात. यातून घरी पैसा पाठवायचा, कर्जाचं व्याज भरायचं असेल, तर एकच रस्ता उरतो: कॅम्पसबाहेर, रोखीनं, कागदावर न येणारं काम. म्हणजे नियम मोडणं हा त्या मुलाचा वांडपणा नाही. घरानं मांडलेल्या गणिताचं ते उत्तर आहे. दुसरं उत्तर त्या गणिताला येतच नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळेच करतात. करत असतील. पण या एका चुकीला अमेरिकेच्या कायद्यात माफी जवळपास नाही, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. विषय कमी घेतले, कागद वेळेवर भरला नाही, अशा चुकांमुळे स्टेटस गेलं तर ते परत मिळवायला अर्ज करता येतो. त्या अर्जाच्या अटींत स्पष्ट लिहिलंय की विनापरवाना काम केलेलं नसावं. पगार रोखीत घेतला म्हणून ते काम होत नाही असं नाही. मित्राच्या अकाउंटवरून जेवणाची डिलिव्हरी केली तरी ते कामच.

आणि गंमत पाहा, अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यासाठी त्याच नियमांत दार ठेवलेलं आहे. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर अचानक मोठी आर्थिक अडचण आली, शिष्यवृत्ती गेली, रुपया घसरला, दवाखान्याचा खर्च आला, तर बाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी असतो, त्याला डीएसओ म्हणतात. त्याच्या शिफारशीनं अर्ज जातो. अट एवढीच की अडचण अनपेक्षित हवी. निघतानाच ठाऊक असलेली तूट त्यात बसत नाही. कायद्यानं नशिबाला सवलत दिलीय, आपल्या जुगाडाला दिलेली नाही.

हे गणित कन्सल्टन्सीवाल्याला येत नाही का? येतं. पण त्याचं काम मुलगा विमानात बसला की संपतं. काही जण बँकेत चार दिवस रक्कम फिरवून "बॅलन्स" दाखवून देतात. खोटी माहिती देऊन व्हिसा घेतल्याचं सिद्ध झालं, तर अमेरिकेचा दरवाजा जन्मभरासाठी बंद होऊ शकतो. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तर मुलाच्या नावाचा ई-मेल त्यांनीच उघडला होता आणि पासवर्ड त्यांच्याकडेच होता. विद्यापीठाची पत्रं मुलाच्या आधी तेच वाचायचे. मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने होते. व्हिसाच्या अर्जावर चूक निघाली तर जबाबदार तो, आणि अर्ज भरला कुणी तर तिसऱ्यानं.

"पहिल्या दिवसापासून काम करता येतं असं कॉलेज" हा त्यांच्याकडचा आणखी एक माल. त्याचा शेवट कुठे होतो ते जगानं दोनदा पाहिलंय. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला. विद्यार्थी बहुतेक भारतीय होते. काहींच्या पायात जागा दाखवणारी रेडिओ कॉलर अडकवली गेली. चालवणाऱ्या बाईंना २०१४ मध्ये साडेसोळा वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये मिशिगनमधली फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी निघाली तीच मुळात अमेरिकी सरकारनं सापळा म्हणून उघडलेली. तिथे ना वर्ग होते ना शिक्षक. सुरुवातीला पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. सरकार म्हणालं, त्यांना सगळं ठाऊक होतं. विद्यार्थी म्हणाले, आम्ही फी भरली, आम्हाला फसवलं. सरकारनं असा सापळा लावणं मला आजही निर्लज्जपणाचं वाटतं. पण सापळ्यात लावलेलं आमिष ओळखीचं होतं. शिक्षण नको, कामाचा कागद द्या, ही मागणी त्यांनी आपल्याकडूनच उचलली होती.

आता खरा आक्षेप. नियम पाळूनही अमेरिका हाकलतेच की! २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या नोंदी अचानक रद्द झाल्या. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही. कुणाचं कारण जुना वाहतुकीचा गुन्हा, कुणाचा खटला आधीच निकालात निघालेला. मे महिन्यात नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच थांबवलं. जूनमध्ये सुरू केलं ते सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवा, या अटीवर. हे सगळं खरं आहे आणि अन्यायाचं आहे.

पण पुढचंही पाहा. नोंदी रद्द झालेले विद्यार्थी कोर्टात गेले. ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी तात्पुरते मनाई हुकूम दिले. २५ एप्रिलला सरकारला कोर्टात सांगावं लागलं की नोंदी पूर्ववत करतोय. कोर्टात उभं राहण्याची ताकद कुणाकडे होती? ज्याची हजेरी, विषय, पत्ता आणि पगार सगळं कागदावर सरळ होतं त्याच्याकडे. ज्यानं सहा महिने पंपावर रोखीनं काम केलंय तो अन्यायाविरुद्ध तोंड उघडू शकत नाही, कारण तोंड उघडलं की आधी तेच बाहेर येतं. अमेरिका लहरी झालीय म्हणून नियम सोडून द्यावेत, हा युक्तिवाद उलटा आहे. समोरचा लहरी असेल तेव्हा स्वतःचा कागद जास्त स्वच्छ लागतो.

याहून मला जास्त छळते ती घरातली शांतता. व्हिसा मिळाला की चौकात फ्लेक्स लागतो. मुलाचा सुटातला फोटो, मागे न्यूयॉर्क, खाली गल्लीतल्या सगळ्यांची नावं. त्या फ्लेक्सनंतर मुलगा घरी फोन करून कसा सांगेल की एका विषयात नापास झालोय, सेमिस्टर झेपत नाही? तो सांगत नाही. विषय सोडतो, वर्गाला जात नाही, डीएसओलाही कळवत नाही. २७ मे २०२५ ला दिल्लीच्या अमेरिकी दूतावासानं जाहीर बजावलं की कॉलेजला न सांगता वर्ग बुडवले किंवा कोर्स सोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो. विषय सोडण्याआधी विचारलं असतं, तर आजारपणासारख्या कारणांसाठी कमी विषयांची मुभा मिळू शकते. विचारायचं कसं हेच त्याला शिकवलेलं नसतं. आपण त्याला साहेबापासून लांब राहायला शिकवलं. तिथे साहेबाच्या दारात जाणं हाच बचाव आहे.

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार होता. अट कडक होती, पण सही करणाऱ्याला ती ठाऊक होती, आणि पैसा प्रवासाच्या आधी ठरलेला होता. म्हणून त्यांचे दिवस ग्रंथालयात गेले. मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांनाही १९१७ मध्ये परतावं लागलं. पैसा संपला की शिक्षण थांबतं, ही गोष्ट त्यांनाही चुकली नाही.

आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे. राज्यभरातून जागा ७५. आपल्या एका जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. गरीब घरच्या मुलानं अमेरिकेत नियमात राहून शिकावं असं खरंच वाटत असेल, तर भांडायचं ते या आकड्यावर. पालकमंत्र्यांच्या स्वागताला जमणाऱ्या गर्दीतून हा प्रश्न एकदा तरी यावा.

तोवर घरात करण्यासारखं एक काम आहे. वही घ्या आणि जमेच्या बाजूला पार्ट टाइमची रक्कम शून्य लिहा. "नोकरी लागली की" ही ओळही खोडा. पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाला आणखी चोवीस. पण त्या पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवस बेकार राहिलात की मुभा संपते. कर्जाचा हप्ता कोर्सनंतर सुरू होत असला तरी व्याज पहिल्या उचलीपासूनच चढतं, हेही लिहा. बँक शेतजमीन सहसा तारण घेत नाही. जातं ते गावातलं राहतं घर. त्याची किंमतही त्याच पानावर येऊ द्या.

एवढं करून बेरीज जुळत असेल, तर मुलानं जावं. स्वतःचा ई-मेल, स्वतःचा अर्ज, प्रत्येक पान स्वतः वाचून. बेरीज जुळत नसेल, तर यंदा जाऊ नये. दोन वर्षं इथे नोकरी करावी, फी माफ होईल अशी असिस्टंटशिप शोधावी, फी कमी असलेला दुसरा देश पाहावा. थांबलेल्या मुलाला गावानं नापास समजू नये. आणि "पोरगं फेडन" असं पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला आय-ट्वेंटीवरचा आकडा दाखवून विचारावं: भाऊ, वीस तासांत कसं?